एकवीस दिवसांची सुई: दीर्घकाळ काम करणाऱ्या प्रतिजैविक इंजेक्शनांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे–बेलापूर रस्त्यालगतच्या औद्योगिक पट्ट्यात इंजेक्शनांची फॉर्म्युलेशन्स विकसित करण्याच्या कामात माझी बरीच वर्षे गेली. या विषयावर बोलण्यासाठी बोलावणे आले की सभागृहातून विचारले जाणारे प्रश्न बहुतेक तेच असतात. काही फार्मसीच्या विद्यार्थ्यांचे असतात, काही कळवा–दिवा भागातील पालकांचे, ज्यांच्या मुलांना हृदयाच्या झडपांचा आजार आहे, आणि एकदा तर भिवंडीकडच्या एका म्हैसपालकानेही नेमका मुद्द्याचा प्रश्न विचारला होता. त्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. औषध कोणी, किती आणि केव्हा घ्यावे हा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांचाच आहे. ते औषध असे का वागते, एवढेच मी सांगू शकतो.

दीर्घकाळ काम करणारे प्रतिजैविक इंजेक्शन म्हणजे नेमके काय?

एकदा टोचल्यावर ज्याचा जंतूंवरील परिणाम काही तासांऐवजी काही दिवस, आठवडे किंवा महिने टिकतो, असे इंजेक्शन. ही कल्पना आपल्याकडे अनोळखी नाही. २०१७ पासून सरकारी आरोग्य केंद्रांत मिळणारे ‘अंतरा’ हे गर्भनिरोधक इंजेक्शन तीन महिन्यांतून एकदा घ्यायचे असते. मनोविकारांवरील उपचारांतही काही औषधांची डेपो (शरीरात साठा करून सावकाश सुटणारी) इंजेक्शने कित्येक दशकांपासून वापरात आहेत. प्रतिजैविकांच्या बाबतीत मात्र गोष्ट अवघड होते, कारण येथे औषधाचा सामना शरीराच्या एखाद्या प्रक्रियेशी नसून स्वतःला बदलू शकणाऱ्या सजीवाशी असतो. पुढील बहुतेक उत्तरे या एका फरकाभोवती फिरतात.

औषध शरीरात इतके दिवस टिकते तरी कसे?

नवी मुंबईकरांना हे मोरबे धरणाच्या उदाहरणाने चटकन समजते. शहराला रोज लागणारे पाणी घराघरांत महिनाभर साठवून ठेवलेले नसते. ते धरणात असते आणि ठरावीक वेगाने सोडले जाते. घरातले पाणी वापरले जाऊन लगेच निघून जाते, तरी नळ कोरडा पडत नाही. पेनिसिलीनचेही तसेच आहे. साध्या पेनिसिलीनचे रक्तातील अर्धायुष्य, म्हणजे पातळी निम्मी होण्यास लागणारा वेळ, जेमतेम अर्ध्या तासाचे असते, कारण मूत्रपिंडे ते झपाट्याने बाहेर टाकतात. तेच पेनिसिलीन पाण्यात जवळजवळ न विरघळणाऱ्या क्षाराच्या रूपात स्नायूत खोलवर टोचले, तर त्या जागी स्फटिकांचा साठा तयार होतो. त्यातून थोडे थोडे विरघळत राहते आणि जेवढे विरघळले तेवढेच रक्तात जाते. मूत्रपिंडांचा वेग तोच राहतो, पण आता हिशेब साठ्यातून सुटण्याच्या वेगावर ठरतो.

दुसरा मार्ग धरण न बांधता पाणीच उशिरा वाहून जाईल असे करण्याचा, म्हणजे मूळ रेणूच असा घडवायचा की तो शरीरातून फार हळू बाहेर पडेल. या मार्गाने आलेल्या औषधांविषयी पुढे लिहिले आहे.

ही कल्पना नवीन आहे का?

मुळीच नाही. पेनिसिलीन वापरात आले तेव्हा ते इतके दुर्मीळ होते, आणि शरीरातून इतक्या लवकर बाहेर पडत होते, की रुग्णांच्या लघवीतून ते परत मिळवून पुन्हा वापरले जात असे. ते टिकवण्यासाठी १९४० च्या दशकात मेण आणि तेलात मिसळून देण्याचा प्रयोग झाला. प्रोबेनेसिड हे औषध सोबत देऊन मूत्रपिंडांचा वेग कमी करण्याची युक्तीही निघाली. त्यानंतर प्रोकेन पेनिसिलीन आले, ज्याचा परिणाम सुमारे एक दिवस टिकतो, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला बेंझाथिन पेनिसिलीन आले. त्याच दशकात, १९५४ साली, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. महाराष्ट्राचा पेनिसिलीनशी असा जुना संबंध आहे, आणि तो आजच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसतो याचे मला वाईट वाटते.

आफ्रिकेतील मेंदूज्वराच्या साथींत तेलात मिसळलेल्या क्लोरॅम्फेनिकॉलचे एकच इंजेक्शन देऊन अनेक वर्षे उपचार केले गेले. जेथे रुग्णाला खाट देता येत नाही आणि दुसरा डोस मिळेल याची खात्री नाही, तेथे अशा औषधाला काय मोल असते हे त्या साथींनी दाखवून दिले.

मग प्रत्येक प्रतिजैविकाचे असे इंजेक्शन का बनवत नाहीत?

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, आणि मी त्यांना आधी साधा गुणाकार करायला सांगतो. अमॉक्सिसिलीनची ५०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा घेतली तर रोज दीड ग्रॅम औषध होते, म्हणजे महिन्याला ४५ ग्रॅम. कमरेच्या स्नायूत एका जागी फार तर चार-पाच मिलिलिटर द्रव टोचता येतो. घट्टात घट्ट सस्पेन्शन (न विरघळलेले कण तरंगत असलेला द्रव) बनवले तरी एका मिलिलिटरमध्ये साधारण दोनशे ते चारशे मिलिग्रॅम औषध बसते, आणि त्यापुढे ते सुईतून जात नाही. म्हणजे एका सुईत एक-दीड ग्रॅमपेक्षा जास्त औषध मावणे कठीण. महिनाभर पुरवायचे असेल तर दिवसाच्या वाट्याला पन्नास मिलिग्रॅमही येत नाहीत. ज्या औषधाचे एवढ्याशा मात्रेत काम भागते तेच या मार्गाने जाऊ शकते. बाकीच्यांचा विचार येथेच थांबतो.

दुसरी अट विरघळण्याची. आयसोनियाझिड हे क्षयरोगाचे औषध पाण्यात इतके सहज विरघळते की स्नायूत त्याचा साठा राहूच शकत नाही. त्याला एखादी चरबीसारखी साखळी जोडून, शरीरात गेल्यावर पुन्हा मूळ औषध मोकळे होईल असे पूर्वऔषध बनवावे लागते.

तिसरी अट औषधाच्या मारण्याच्या पद्धतीची आहे आणि ती सर्वांत कमी लक्षात घेतली जाते. पेनिसिलीनच्या कुळातील औषधांना उंच शिखराची गरज नसते. जंतूला रोखणाऱ्या किमान पातळीच्या वर औषध किती वेळ राहिले, यावर त्यांचा परिणाम ठरतो. संथ आणि सपाट पुरवठा त्यांना मानवतो. जेंटामायसिनसारख्या अमिनोग्लायकोसाइड औषधांचे याच्या अगदी उलट आहे. त्यांना थोडा वेळ उंच पातळी हवी असते, आणि दीर्घकाळ रेंगाळलेली कमी पातळी जंतूला मारत तर नाहीच, उलट रुग्णाच्या मूत्रपिंडांना आणि कानांना इजा करू शकते. अशा औषधाचे महिनाभर टिकणारे इंजेक्शन बनवणे तांत्रिकदृष्ट्या जमले, तरी ते बनवू नये.

‘शेपटी’ हा शब्द वारंवार ऐकू येतो. ती काय असते?

इंजेक्शननंतर रक्तातील औषधाची पातळी कागदावर आखली तर ती आधी चढते, काही काळ टिकते आणि मग उतरत जाते. हा उतार साठ्यातील शेवटचे कण संपेपर्यंत लांबत जातो. यालाच आम्ही शेपटी म्हणतो. पातळी परिणामकारक रेषेच्या खाली गेली आहे, पण शून्यावर आलेली नाही, असा हा काळ असतो. या काळात जंतू औषधाच्या सहवासात राहतो, परंतु मरत नाही. प्रतिरोध, म्हणजे औषधाला दाद न देण्याची क्षमता, निर्माण होण्यास याहून सोयीची स्थिती नाही.

एचआयव्हीवरील कॅबोटेग्राव्हिर या दीर्घकालीन इंजेक्शनाच्या बाबतीत शेवटच्या सुईनंतर वर्षभर, काहींच्या बाबतीत त्याहूनही अधिक काळ, रक्तात औषधाचा अंश सापडतो. प्रतिजैविकात असे झाले तर तो धोका एका रुग्णापुरता मर्यादित राहत नाही. म्हणून नवे इंजेक्शन किती दिवस पुरते हे विचारण्याइतकेच, पुरणे संपल्यावर ते किती लवकर नाहीसे होते हे विचारणे महत्त्वाचे आहे. माझ्या मते या क्षेत्रातील सर्वांत अवघड काम हेच आहे. औषध टिकवण्याच्या अनेक युक्त्या आपल्याजवळ आहेत. ठरलेल्या दिवशी ते पटकन संपवण्याच्या फार थोड्या आहेत.

बेंझाथिन पेनिसिलीनलाही शेपटी आहे. मग सत्तर वर्षांत तिने घात का केला नाही? कारण ज्या दोन जंतूंविरुद्ध ते मुख्यतः वापरले जाते, म्हणजे घशाचा दाह करणारा अ गटातील स्ट्रेप्टोकोकस आणि सिफिलिसचा जंतू, त्यांपैकी एकानेही पेनिसिलीनला दाद न देण्याची विद्या आजवर आत्मसात केलेली नाही. हे भाग्य त्या औषधाच्या रचनेचे नाही, त्या दोन जंतूंच्या स्वभावाचे आहे. स्टॅफिलोकोकस किंवा क्षयरोगाच्या जंतूविरुद्ध तोच आराखडा जसाच्या तसा उचलता येणार नाही. ‘पेनिसिलीनचे चालले, मग याचेही चालेल’ असे कोणी म्हणाले, तर मी त्यांना हा फरक पुन्हा पुन्हा सांगतो.

आमच्या मुलीला दर २१ दिवसांनी पेनिसिलीनचे इंजेक्शन सांगितले आहे. तिला तर आता काहीच त्रास नाही. मग ते कशासाठी?

त्रास नाही हे चांगलेच आहे, आणि तो पुढेही होऊ नये यासाठीच हे बेंझाथिन पेनिसिलीनचे इंजेक्शन आहे. संधिवाताचा ताप, म्हणजे अ गटातील स्ट्रेप्टोकोकसच्या घशातील संसर्गानंतर उद्भवणारा आजार, येऊन गेलेल्या मुलाला तोच संसर्ग पुन्हा झाला, तर शरीराची प्रतिकारयंत्रणा जंतूबरोबर स्वतःच्या हृदयाच्या झडपांवरही हल्ला करते. प्रत्येक वेळी झडप थोडी अधिक खराब होते आणि झालेली हानी सहसा भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे साडेपाच कोटी लोकांना हा झडपांचा आजार आहे, आणि दाट वस्तीतील मुलांना तो अधिक होतो. इंजेक्शनामुळे रक्तात पेनिसिलीनची एक अगदी लहान पातळी कायम राहते. परंपरेने ती लिटरमागे ०.०२ मिलिग्रॅम इतकी मानली जाते, आणि जंतूला घशात मूळ धरू न देण्यास तेवढी पुरते.

युगांडामध्ये ८१८ मुलांवर केलेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आजार अगदी प्रारंभिक अवस्थेत असलेल्या मुलांना दर चार आठवड्यांनी हे इंजेक्शन दिले गेले. दोन वर्षांनंतर इंजेक्शन घेणाऱ्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा आजार वाढलेला आढळला, तर न घेणाऱ्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा. इतका स्पष्ट फरक औषधशास्त्रात क्वचितच दिसतो.

पेनिसिलीनच्या गोळ्या हाही पर्याय आहे, पण त्या रोज दोन वेळा, वर्षानुवर्षे, काहीही दुखत नसताना घ्याव्या लागतात. शाळेत जाणाऱ्या मुलाकडून हे किती काळ होईल, ते प्रत्येक आईला ठाऊक आहे. तरीही एक अपवाद नीट लक्षात ठेवावा. ज्यांची झडप फारच खराब झाली आहे किंवा हृदयाची ताकद घटली आहे, अशा रुग्णांना इंजेक्शनच्या वेळी येणाऱ्या भोवळीमुळे जिवाचा धोका संभवतो, आणि त्यांच्यासाठी गोळ्यांचा विचार करावा असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ साली सुचवले आहे. ‘माझ्या मुलीची झडप कोणत्या अवस्थेत आहे?’ असे हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य विचारा.

ते इंजेक्शन फार दुखते. काही करता येते का?

होय, आणि या प्रश्नाकडे ‘थोडे सहन करावे’ म्हणून दुर्लक्ष करणे मला मान्य नाही. २१ दिवसांच्या हिशेबाने वर्षाला १७ सुया होतात; दहा वर्षांत पावणेदोनशे. दुखण्याच्या भीतीनेच अनेक मुले मधेच उपचार सोडतात, म्हणजे ही वेदना उपचाराच्या अपयशाचे एक कारण आहे.

औषध हे स्फटिकांचे घट्ट सस्पेन्शन असल्यामुळे सुई जाड लागते आणि स्नायूत ताण येतो. औषधाची वायल (बंद कुपी) किंवा भरलेली सिरिंज तळहातात धरून खोलीच्या तापमानाला आणणे, टोचण्यापूर्वी त्या जागी अंगठ्याने काही सेकंद दाब देणे आणि औषध दोन-तीन मिनिटे घेऊन सावकाश सोडणे यांनी वेदना कमी होते. काही ठिकाणी डॉक्टर त्यात भूल देणारे लिग्नोकेनही मिसळतात. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात परिचारिकेला एका मुलासाठी तीन मिनिटे काढणे सोपे नसते, हे मी जाणतो. मात्र हे औषध शिरेत जाता कामा नये, ही दक्षता वेदनेपेक्षाही आधी येते. शिरेत गेल्यास हृदय आणि श्वास बंद पडू शकतात.

तीन महिन्यांतून एकदाच घ्यावे लागेल असे पेनिसिलीन येऊ शकते का?

त्या दिशेने काम चालू आहे. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी निरोगी प्रौढ स्वयंसेवकांना बेंझाथिन पेनिसिलीनची नेहमीपेक्षा कित्येक पट मात्रा स्नायूऐवजी त्वचेखालील चरबीत, पंपाच्या साहाय्याने हळूहळू सोडून पाहिली. चरबीतील रक्तप्रवाह मंद असल्यामुळे औषध आणखी संथपणे सुटते, आणि संरक्षक मानली जाणारी पातळी दहा आठवड्यांहून अधिक काळ टिकल्याचे दिसले. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात रेणू जुना आहे, वायल जुनी आहे, फक्त सुईची जागा आणि वेग बदलला आहे. वर्षाच्या सतरा सुया चार-पाचवर येऊ शकतात. झडपांचा आजार असलेल्या मुलांच्या मोठ्या गटात ही पद्धत सिद्ध होणे मात्र वेगळे, आणि आपल्या दवाखान्यांत पंप व वेळ उपलब्ध असणे त्याहून वेगळे.

डाल्बाव्हॅन्सिन हे याच प्रकारचे औषध आहे का?

परिणाम तसाच आहे, पण यंत्रणा निराळी. डाल्बाव्हॅन्सिन आणि ओरिटाव्हॅन्सिन ही दोन्ही औषधे २०१४ साली अमेरिकेत मंजूर झाली आणि ती शिरेतून दिली जातात. स्नायूत साठा वगैरे काही नसतो. रेणूला जोडलेल्या चरबीप्रिय साखळीमुळे ती रक्तातील प्रथिनांना घट्ट चिकटून राहतात आणि शरीर त्यांना फार सावकाश बाहेर टाकते. डाल्बाव्हॅन्सिनचे अंतिम अर्धायुष्य सुमारे दोन आठवड्यांचे आहे. त्वचेच्या गंभीर संसर्गासाठी १५०० मिलिग्रॅमची एकच मात्रा अर्ध्या तासात देऊन उपचार पूर्ण करता येतो.

हाडाच्या किंवा रक्तातील संसर्गासाठी चार-सहा आठवडे शिरेत नळी ठेवून रोज औषध घेणाऱ्या रुग्णाला याचा अर्थ काय, ते वेगळे सांगायला नको. ती नळीच अनेकदा नव्या संसर्गाचे दार ठरते. मात्र ही औषधे जंतूंच्या दोन मोठ्या गटांपैकी फक्त एका, म्हणजे ग्रॅम-पॉझिटिव्ह, गटातील जंतूंवर चालतात. आपल्या रुग्णालयांत सर्वाधिक सतावणाऱ्या क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टरसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंवर त्यांचा उपयोग नाही.

क्षयरोगात पुन्हा इंजेक्शन आणणे म्हणजे मागे जाणे नव्हे का?

ही शंका अगदी रास्त आहे. कॅनामायसिनसारखी इंजेक्शने महिनोन्‌महिने रोज घेऊन श्रवणशक्ती गमावलेले तरुण आपल्या मुंबई-ठाण्यातच आहेत, आणि ती इंजेक्शने जाऊन गोळ्यांचे उपचार आले हे मोठे यश आहे. सध्या ज्या दीर्घकालीन इंजेक्शनांवर संशोधन चालू आहे त्यांचा त्या औषधांशी संबंध नाही. येथे उद्देश मुख्यतः प्रतिबंधक उपचाराचा आहे. घरात एकाला क्षयरोग झाला की इतरांना प्रतिबंधक औषध दिले जाते. ते आयसोनियाझिड असेल तर सहा महिने रोज घ्यावे लागते, आणि रिफापेंटिनसह असेल तर आठवड्याला एक याप्रमाणे बारा मात्रा. धडधाकट माणसाकडून हे पूर्ण करून घेणे आरोग्यसेविकांसाठी अवघड असते. घरभेटीतच एक सुई देऊन ते संपले, तर पाठपुराव्याचे सगळे चित्रच बदलेल.

बेडाक्विलिन या कामासाठी आकर्षक आहे, कारण ते पाण्यात विरघळत नाही, कमी मात्रेत चालते आणि शरीरात मुळातच महिनोन्‌महिने राहते. त्याच्या दीर्घकालीन इंजेक्शनाचे उंदरांवरील प्रयोग उत्साहवर्धक आहेत. पण तेच औषध आज बहुऔषध-प्रतिरोधक क्षयरोगावरील उपचारांचा आधार आहे. प्रतिबंधासाठी ते लाखोंना द्यायचे आणि प्रत्येकाच्या शरीरात त्याची लांब शेपटी सोडायची, याबाबत मी स्वतः फार सावध आहे. ज्याला सुप्त (जंतू शरीरात आहे पण आजार नाही असा) नव्हे तर सक्रिय क्षयरोग आहे असा एखादा रुग्ण तपासणीतून निसटला आणि त्याला हे एकच औषध दिले गेले, तर आपण त्याच्या जंतूला शिकवणीच लावल्यासारखे होईल. रिफापेंटिनच्या दीर्घकालीन स्वरूपावरही काम सुरू आहे. लिव्हरपूल विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील एका प्रकल्पात त्याचा समावेश आहे.

असे इंजेक्शन विकसित करताना प्रत्यक्षात काय करावे लागते?

सुरुवात औषधाच्या कणांपासून होते. कण बारीक असतील तर लवकर विरघळतात, मोठे असतील तर हळू. म्हणून कणांचा आकार हाच औषधाच्या वेगाचा लगाम असतो. नॅनोसस्पेन्शनसाठी औषध पाण्यात भिजवून कठीण मण्यांबरोबर चक्कीत तासन्‌तास फिरवतात, जोपर्यंत कण काही शे नॅनोमीटरचे होत नाहीत. मग ते पुन्हा एकमेकांना चिकटू नयेत म्हणून योग्य सर्फॅक्टंट शोधावे लागते. या शोधात अनेक महिने जातात. पहिल्या आठवड्यात सुंदर दिसणारी वायल तिसऱ्या महिन्यात तळाशी दगडासारखी बसलेली सापडते आणि कितीही हलवली तरी मोकळी होत नाही. हा अनुभव या कामातील प्रत्येकाने घेतलेला असतो.

पर्याय म्हणून पीएलजीए या शरीरात विरघळून जाणाऱ्या पॉलिमरच्या सूक्ष्म गोळ्यांत औषध कोंडता येते, किंवा टोचल्यावर शरीरातच घट्ट होणारे जेल वापरता येते. पण पॉलिमरने जागा व्यापली की औषधासाठी कमी जागा उरते, आणि वर सांगितलेला मात्रेचा हिशेब पुन्हा आडवा येतो.

निर्जंतुकीकरण हा स्वतंत्र अध्याय आहे. साधे इंजेक्शन ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून निर्जंतुक करता येते. सस्पेन्शन गाळले तर औषधच फिल्टरवर राहील. वाफेची उष्णता पेनिसिलीनला सोसत नाही. म्हणून द्रावण आधी गाळून, पुढील स्फटिकीकरणापासून वायल बंद होईपर्यंतचे प्रत्येक पाऊल निर्जंतुक वातावरणात टाकावे लागते. शिवाय पेनिसिलीनची धूळ दुसऱ्या औषधात मिसळून एखाद्या ॲलर्जी असलेल्या रुग्णापर्यंत पोहोचू नये म्हणून त्याचे उत्पादन वेगळ्या, स्वतंत्र विभागातच करणे नियमाने बंधनकारक आहे. त्यामुळे उत्पादन महाग पडते आणि औषध मात्र स्वस्तच राहावे लागते.

जुन्याच औषधाचे दीर्घकालीन रूप बनवले तर भारतात नव्याने परवानगी लागते का?

लागते. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचणी नियमांनुसार औषध सुटण्याचा वेग बदललेले रूप हे नवे औषधच मानले जाते, मूळ रेणू कितीही जुना असो. हा नियम मला योग्य वाटतो. आचारसमितीची मान्यता, चाचणीची सार्वजनिक नोंदणी आणि गंभीर दुष्परिणामाची २४ तासांत माहिती, हे सर्व त्याबरोबर येते.

ॲलर्जी आली तर टोचलेले औषध परत काढता येते का?

नाही. गोळी बंद करता येते, सलाईन थांबवता येते. स्नायूतील साठा काढून घेता येत नाही. म्हणूनच नवी दीर्घकालीन औषधे देण्यापूर्वी शक्य असेल तेथे त्याच औषधाच्या गोळ्या काही दिवस देऊन पाहतात. पेनिसिलीनबाबत भीती आणि वास्तव यांचे प्रमाण समजून घ्यावे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय पाहणीत १,७९० रुग्णांना दिलेल्या ३२,४३० इंजेक्शनांत ॲनाफिलॅक्सिसच्या, म्हणजे जीवघेण्या तीव्र ॲलर्जीच्या, ४ घटना आणि १ मृत्यू नोंदला गेला. धोका लहान आहे, पण खरा आहे. म्हणून जेथे ॲड्रेनॅलिन हे अशा ॲलर्जीवरील तातडीचे औषध हाताशी आहे तेथेच हे इंजेक्शन घ्यावे आणि नंतर अर्धा तास तेथेच बसावे.

गोठ्यात वापरतात ते ‘एलए’ इंजेक्शन हेच का?

तत्त्व तेच आहे. ‘एलए’ म्हणजे लाँग ॲक्टिंग, आणि गुरांसाठीचे दीर्घकालीन ऑक्सिटेट्रासायक्लिन साधारण तीन-चार दिवस काम करते, जेणेकरून जनावराला रोज धरून टोचावे लागू नये. पण औषध जितके दिवस जनावरात राहते तितके दिवस ते दुधातही उतरते. लेबलवर लिहिलेल्या मुदतीपर्यंत ते दूध विकू नये, वासरांनाही देऊ नये. ज्या म्हैसपालकाने हा प्रश्न विचारला, त्यांनी आठवडाभराच्या दुधाचे नुकसान कोण भरून देणार असेही विचारले होते. तो प्रश्न खरा आहे आणि त्याचे उत्तर औषधशास्त्रात नाही.

हिरडीत किंवा हाडात भरतात ती औषधे यातच मोडतात का?

ती स्थानिक साठ्याची उदाहरणे आहेत. दंतवैद्य हिरडीच्या खोबणीत डॉक्सिसायक्लिनचे जेल भरतात, तर अस्थिशल्यविशारद जेंटामायसिन मिसळलेले बोन सिमेंट वापरतात. अमिनोग्लायकोसाइड दीर्घकाळ देऊ नये असे वर म्हटले असले तरी येथे ते चालते, कारण जखमेच्या जागी पातळी खूप उंच आणि रक्तात नगण्य राहते.

बेंझाथिन पेनिसिलीन मधूनमधून मिळेनासे का होते?

गेल्या दशकात अनेक देशांनी हा अनुभव घेतला. २०२३ साली अमेरिकेतही त्याची टंचाई झाली. मूळ पेनिसिलीन बनवणारे कारखाने जगात मोजके आहेत, नफा कमी आहे, आणि निर्जंतुक उत्पादनाची अवघड वाट वर सांगितलीच आहे. एखादा कारखाना काही काळ थांबला की त्याचा परिणाम दूरच्या दवाखान्यांपर्यंत जाणवतो. गरोदर स्त्रीला सिफिलिस असेल तर बाळाला वाचवणारे, जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेले हेच एक औषध आहे. तेथे पर्याय शोधण्यास वेळ नसतो. नव्या रेणूंच्या शोधाइतकेच लक्ष या जुन्या वायलच्या अखंड पुरवठ्याकडे द्यावे, असे मी प्रत्येक व्यासपीठावर सांगत आलो आहे.

इंजेक्शनची तारीख चुकली तर काय करावे?

आठवेल त्या दिवशी, शक्यतो लगेच, जाऊन घ्यावे. पुढच्या तारखेची वाट पाहू नये. भरपाई म्हणून दुप्पट मात्रा घ्यायची नसते. पुढील २१ दिवस नव्या तारखेपासून मोजावेत. चौथ्या आठवड्यात अनेक रुग्णांच्या रक्तातील पातळी संरक्षक रेषेच्या खाली गेलेली आढळते, म्हणून ‘आठवडाभराने काय बिघडते’ असे समजू नये. गावी जायचे असेल, विशेषतः गणपतीत किंवा मे महिन्यात, तर तारीख त्यात येते का ते आधी पाहावे, आणि येत असेल तर निघण्यापूर्वी दोन-चार दिवस अगोदर घेण्याविषयी डॉक्टरांना विचारावे. कळव्याच्या एका आईने स्वयंपाकघरातील दिनदर्शिकेवर वर्षभराच्या सतराही तारखांना जानेवारीतच लाल गोल करून ठेवले होते, आणि गोलाशेजारी मुलीच्या शाळेच्या परीक्षाही लिहिल्या होत्या, म्हणजे दुखऱ्या पायाने पेपरला बसावे लागू नये.